आडवी रेघ, तिरकी रेघ

बँकेतला कारकून म्हणजे नोटा मोजणारा प्राणी, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. नोटा हल्ली यंत्र मोजतं, आमच्यापेक्षा भराभर मोजतं आणि मध्येच चहाला उठत नाही. कारकुनाचं खरं काम वेगळंच असतं. समोरचा माणूस जे काही बोलतो त्यातून काय करायचं, कसं करायचं, किती करायचं आणि कुणाचं करायचं, हे चार धागे सोडवून वेगळे करणं, हे ते काम. पगार त्याचा मिळतो. नोटा हे निमित्त.

आमच्या खापरखेड्यात या कलेला भरपूर वाव आहे. नागपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं हे गाव सावनेर तालुक्यात मोडतं आणि औष्णिक विद्युत केंद्रासाठी ओळखलं जातं. तिथे दोनशे दहा मेगावॉटचे चार संच आणि पाचशेचा एक, असे मिळून १३४० मेगावॉट होतात. आसपास सिल्लेवाडा, वलनीसारख्या कोळशाच्या खाणींची गावं. त्यामुळे खिडकीपुढच्या एकाच रांगेत वीज केंद्रातले इंजिनिअर, खाणीतून निवृत्त झालेले कामगार, संत्र्याची बाग असलेले शेतकरी आणि बचत गटाच्या अध्यक्षा, असे सगळे उभे असतात, आणि प्रत्येकाची बोलायची तऱ्हा निराळी. इंजिनिअर साहेब इंग्रजीत तीन शब्द बोलतात आणि घड्याळ पाहतात. शेतकरी आधी पावसावर येतो, मग कर्जावर. आणि एक गृहस्थ तर दर महिन्याला येऊन एवढंच म्हणतात, "बाबू, यातले पाच तिकडे टाका, अन् बाकी राहू द्या."

पाच म्हणजे पाचशे, पाच हजार की पाच लाख? तिकडे म्हणजे कुठे? राहू द्या म्हणजे इथे की मुदत ठेवीत? हे सगळं ओळखायला बी.कॉम. पुरत नाही. त्याला वीस वर्षं खिडकीमागे बसावं लागतं.

तर या कलेचं एक रीतसर शास्त्र आहे आणि ते गेली पन्नासपेक्षा जास्त वर्षं अस्तित्वात आहे, हे मला आमच्या भाच्यामुळे कळलं. भाचा नागपूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकतो आणि रविवारी आमच्याकडे येतो. तो मामाच्या ओढीनं येतो, असं मी मानतो. मामीच्या हातच्या सांबारवडीच्या ओढीनं येतो, असं मामी मानते. एकदा तो मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता आणि पडदा पार काळाकुट्ट, वर चार पांढरी अक्षरं.

"बिघडला का रे?" मी विचारलं.

"नाही मामा. हे टर्मिनल आहे. इथे चित्रं नसतात, बटणं नसतात. लिहून हुकूम द्यायचा."

"आणि तो ऐकतो?"

"नीट लिहिला तर ऐकतो."

एवढ्या बाबतीत तो लॅपटॉप घरातल्या बाकी मंडळींपेक्षा पुढे होता, म्हणून मी खुर्ची जवळ ओढली.

भाच्यानं सांगितलं ते असं. हुकुमाच्या ओळीतला पहिला शब्द म्हणजे काम कोणतं ते. शेवटी येतं ते काम कशावर करायचं ते, म्हणजे एखादी फाईल. आणि मधे येतात ते पर्याय, म्हणजे काम कसं करायचं ते. हा मधला शब्द पर्याय आहे, फाईलचं नाव नव्हे, हे यंत्राला कळावं म्हणून त्याच्या आधी एक आडवी रेघ काढायची. बस्स. एवढ्याशा आडव्या रेघेवर जगातली अर्धी यंत्रं चालतात.

मला हे लगेच पटलं, कारण वीज केंद्राच्या फाटकाबाहेर चहाच्या ठेल्यावर हेच चालतं. "चहा, चार कट, एक बिनसाखर, पार्सल." चहा हे काम. पार्सल आणि बिनसाखर हे नुसते खटके. खटका एक तर दाबलेला असतो, नाही तर नसतो. त्याला पुढे काही लागत नाही. "बिनसाखर किती?" असं ठेलेवाला विचारत नाही. पण "कट" म्हटलं की "किती?" हा प्रश्न येतोच. म्हणजे पर्याय दोन जातींचे. एक नुसता खटका, आणि दुसरा, ज्याच्यापुढे किंमत लागते. पहिल्या जातीचे आमचे हेडकॅशियर आहेत, ते नुसतं "हं" म्हणतात आणि पुरतं. दुसऱ्या जातीची आमची सौभाग्यवती. ती "अहो" म्हणाली की पुढे काहीतरी असणारच, आणि त्याची बहुधा किंमत असते.

आता तुम्ही म्हणाल, बँकेच्या माणसाला या खटक्यांचं एवढं काय कौतुक? तर मंडळी, चेक पाहा. चेक म्हणजे दुसरं काय, हुकुमाची ओळच की! अमक्याला द्या, इतके द्या, सही. हा हुकूम झाला. आता डाव्या कोपऱ्यात दोन समांतर तिरक्या रेघा ओढल्या की तो चेक रेखांकित झाला. पैसे खिडकीवर रोख मिळणार नाहीत, खात्यातच जमा होतील. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १२३ हे या रेघांसाठीच आहे. हा झाला नुसता खटका. आणि त्याच जागी एखाद्या बँकेचं नाव लिहिलं, तर पैसे त्याच बँकेमार्फत द्यायचे, असं पुढचं कलम १२४ सांगतं. म्हणजे हा झाला किंमत लागणारा पर्याय! छापील "बेअरर" शब्दावर काट मारली की चेक नेणाऱ्याच्या नशिबी रोकड नाही. हा खटका बंद केला. ज्यांनी हा कायदा केला त्यांच्या स्वप्नातही कॉम्प्युटर नव्हता, पण यंत्राला हुकूम कसा द्यावा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यंत्र कोण? आम्ही.

शिवाय त्या कायद्यात एक शहाणपण आहे, ते भाच्याच्या यंत्रात नाही. अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम वेगळी पडली तर काय करायचं? कलम १८ सांगतं, अक्षरं खरी धरा. माणसाची आकड्यात गफलत होऊ शकते, पण "नऊ हजार" हे कोणी चुकून लिहीत नाही, असा त्यामागे विचार असावा. प्रत्यक्षात तफावत दिसली की चेक परतच जातो, हा भाग निराळा. पण कायदा निदान माणसाच्या बाजूनं उभा राहायला बघतो.

भाच्याचं यंत्र कोणाच्याच बाजूनं उभं राहत नाही. त्याचं मूळ अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आहे. १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या जोडगोळीनं युनिक्स नावाच्या व्यवस्थेची सुरुवात केली. त्या काळी पडदे नव्हते. टाईपरायटरसारखं एक धूड असे, ते सेकंदाला दहा अक्षरं खडखडत छापायचं. आता सेकंदाला दहा अक्षरं म्हटल्यावर कोण लांबलचक बोलणार? म्हणून यादी दाखवायला "एलएस", नक्कल करायला "सीपी", हलवायला "एमव्ही" आणि पुसून टाकायला "आरएम", अशी दोन-दोन अक्षरांची नावं पडली. आणि पर्याय तर एकाच अक्षराचे. काटकसर इतकी, की "क्रिएट" या शब्दाचा शेवटचा "ई" सुद्धा त्यांनी एका ठिकाणी वाचवला. पुढे थॉम्प्सन साहेबांना कोणी विचारलं, युनिक्स पुन्हा केलं तर काय बदलाल? ते म्हणाले, तो "ई" परत घालीन. इतका मोठा माणूस आणि एका अक्षराची रुखरुख! आमच्याकडे लोक पासबुकात स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हांचं असलं तरी निवांत असतात.

या युनिक्सचा आमच्या धंद्याशी संबंध आहे, हेही सांगून टाकतो. बँकांत कॉम्प्युटर आणण्यावरून एकेकाळी मोर्चे निघत. १९८३ साली कर्मचारी संघटना आणि बँकांच्या संघटनेत करार झाला, आणि १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला. त्यानंतर शाखांतून जी यंत्रं आली त्यांतल्या बऱ्याच यंत्रांवर युनिक्स होतं. मी लागलो तेव्हा आमचे एक जुने साहेब त्या दिवसांच्या गोष्टी सांगत. ते यंत्राला हुकूम देण्याआधी चष्मा पुसत, एक-एक अक्षर मोठ्यानं म्हणत टाईप करत आणि "एंटर" दाबण्यापूर्वी दोन क्षण डोळे मिटत. ते प्रार्थना करतात असं आम्हाला वाटे. भाच्याकडून सगळं समजल्यावर माझी खात्री झाली की ते प्रार्थनाच करत.

कारण खरी गंमत पुढे आहे. "मामा," भाचा म्हणाला, "एकाच अक्षराचे खटके असतील तर ते जोडून लिहिता येतात. 'ए' वेगळा, 'एल' वेगळा, 'टी' वेगळा असं न लिहिता एकाच रेघेमागे 'एएलटी' लिहायचं."

"वा! म्हणजे शेअर ऑटो."

"हो, पण त्यात किंमत लागणारा कोणी बसला, तर तो शेवटी बसला पाहिजे."

"का?"

मग त्यानं टारची कथा सांगितली. टार नावाचा हुकूम पुष्कळ फायलींचं एक गाठोडं बांधतो. त्याचा "सी" म्हणजे बांध, "व्ही" म्हणजे बांधताना बोलत राहा, आणि "एफ" म्हणजे गाठोड्याचं नाव पुढे दिलं आहे. आता रेघ काढून "सी-व्ही-एफ" लिहून पुढे नाव दिलं तर सगळं ठीक. पण "सी-एफ-व्ही" लिहिलं की "एफ" आपल्या शेजारी कोण बसलंय ते बघतो, "व्ही" दिसतो आणि तोच गाठोड्याचं नाव म्हणून गिळतो! तुमचं गाठोडं "व्ही" या नावानं तयार, आणि खरं नाव फाईल समजून शोधत बसतो. गंमत अशी, की तीच अक्षरं पुढची रेघ न काढता लिहिली तर जुन्या पद्धतीनं सगळं बरोबर होतं. म्हणजे एक रेघ काढली तर बिघडतं, नाही काढली तर जमतं. हे ऐकून मला आमच्या ऑफिसातल्या रजेच्या अर्जाची आठवण झाली.

"पण मग यंत्राला कळतं कसं, कोण नुसता खटका आणि कोण खाणारा?"

"यादी असते. ज्या अक्षरापुढे विसर्गासारखी दोन टिंबं, त्याला किंमत लागते. ज्याच्यापुढे नाहीत, तो खटका."

ही यादी वाचणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे, "गेटऑप्ट" नावाचा. एटी अँड टी कंपनीनं तो १९८५ साली डल्लासच्या एका परिषदेत सगळ्यांसाठी मोकळा केला. का? तर तोवर प्रत्येक प्रोग्रॅमची चूल वेगळी होती. कोणी रेघ काढायचा, कोणी नाही काढायचा, आणि डीडी नावाचा एक आहे, तो अजूनही आयबीएमच्या जुन्या वळणानं "कुठून बरोबर अमुक, कुठे बरोबर तमुक" असंच बोलतो. त्यात "कुठून" आणि "कुठे" यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाते आणि सगळं पुसलं जातं. आमच्याकडे पैसे भरायची चिठ्ठी आणि काढायची चिठ्ठी रंगानं वेगळी असते ती उगाच नाही.

बरं, एवढं करूनही अक्षरांचे अर्थ काही एक झाले नाहीत. "व्ही" म्हणजे एकीकडे बडबड कर, दुसरीकडे आवृत्ती सांग, आणि ग्रेप नावाच्या शोधणाऱ्याकडे "जे सापडत नाही ते दाखव." "आर" म्हणजे सीपीकडे आतल्या पोटकप्प्यांसकट, आणि एलएसकडे उलट्या क्रमानं. भाचा यावर चिडला होता. मी चिडलो नाही. मी वीस वर्षं फॉर्म पाहतोय. आमच्या फॉर्ममध्ये "एन.ए." लिहिलं की त्याचा अर्थ "लागू नाही." तेच "एन.ए." तलाठ्याकडे म्हणजे बिगरशेती. एकदा एका शेतकऱ्याच्या फॉर्ममध्ये कोणा शिकलेल्या पोरानं "पत्नीचे नाव" या रकान्यात "एन.ए." लिहून दिलं. शेतकरी ते वाचवून घेऊन घाबरा झाला. म्हणाला, "बाबू, शेत तर अजून शेतच हाय, अन् बायकोले कायले एन.ए. केलं?"

या गोंधळावर उपाय म्हणून पुढे ग्नू मंडळींनी लांब नावं आणली. त्यांच्यापुढे एक नव्हे, दोन आडव्या रेघा. "व्ही" ऐवजी दोन रेघा आणि अख्खा शब्द, "व्हर्बोज". किंमत द्यायची तर मधे बरोबरचं चिन्ह. आणि दोन रेघा देऊन "हेल्प" म्हटलं की तो प्रोग्रॅम आपली सगळी कुंडली आपण होऊन सांगतो. अख्खा शब्द लिहायचा कंटाळा असेल तर सुरुवातीची अक्षरं पुरतात, मात्र ती एकाच नावाला लागू पडली पाहिजेत. "व्हर" एवढंच लिहिलं तर व्हर्बोज की व्हर्जन, असा पेच पडतो आणि यंत्र म्हणतं, संदिग्ध आहे. आमच्या शिपायानं रांगेकडे बघून "पाटील!" अशी हाक दिली तर पाच जण उठतात. यंत्र तिथे थांबतं. शिपाई थांबत नाही. तो म्हणतो, "जो समोर हाय तो या."

आणि तिरकी रेघ? तिचीही एक कथा आहे. मायक्रोसॉफ्टची डॉस १९८१ साली आली तेव्हा तिच्यात पर्यायाआधी आडवी नव्हे तर उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ काढायची पद्धत पडली. तेव्हा तिच्यात कप्पे नव्हते, सगळ्या फायली एकाच ढिगात. १९८३ साली दुसरी आवृत्ती आली, तिच्यात कप्प्यांत कप्पे आले. युनिक्समध्ये कप्पे तोडायला तीच तिरकी रेघ वापरतात. पण इथे ती खुर्ची आधीच अडवून बसलेली! मग काय करता? उलटी झुकलेली रेघ आणून बसवली. आज चाळीस वर्षांनंतरही अर्धं जग रेघ इकडून झुकवतं आणि अर्धं तिकडून, ते केवळ आधी येऊन बसलेल्याला कोणी उठवलं नाही म्हणून. सरकारी ऑफिसात काम केलेल्या माणसाला यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही.

भाच्याला मी विचारलं, "आणि फाईलचं नावच आडव्या रेघेनं सुरू होत असेल तर?"

त्यानं माझ्याकडे पहिल्यांदाच जरा आदरानं पाहिलं. "चांगला प्रश्न आहे मामा. तर नुसत्या दोन रेघा काढायच्या, पुढे काही नाही. त्याचा अर्थ, पर्याय संपले. यापुढे जे येईल ते नाव, मग ते कसंही दिसो."

मी मनात म्हटलं, अरे, हे तर आमचं "फक्त"! चेकवर अक्षरी रकमेपुढे "फक्त" लिहितात ते यासाठीच. "रुपये पाच हजार" असं उघडं ठेवलं तर कोणी पुढे "नऊशे नव्व्याण्णव" जोडू शकतो. "फक्त" म्हणजे संपलं. यापुढे कोणी बोलायचं नाही.

आता एवढं सगळं शास्त्र मला कोणत्या दिवशी कामाला आलं, ते सांगतो. नाव-गाव सांगत नाही, तो आमच्या धंद्याचा पहिला नियम.

महिन्याच्या सुरुवातीला, पेन्शनच्या गर्दीत एक आजी आल्या. नवरा खाणीत होता, त्याच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन येतं. विड्रॉल फॉर्म भरलेला, तीन हजार, खाली थरथरती पण स्वतःची सही. मी नोटा काढायला हात घातला तर त्या खिडकीला तोंड लावून हळूच म्हणाल्या, "बाबू, तीन हजार दे, अन् पोराले कळू देऊ नको."

मी थबकलो. हुकूम पूर्ण होता. काम, किंमत, खातं, सही, सगळं जागच्या जागी. वर एक खटका होता, आणि त्या खटक्याला आमच्या फॉर्मवर रकानाच नव्हता. भाच्याच्या यंत्रात तो असतो. पुष्कळ हुकुमांना "क्यू" म्हणून पर्याय आहे, त्याचा अर्थ काम कर आणि गप्प राहा. आमच्याकडे गप्प राहण्याची सोय नाही. पैसे निघाले की मोबाईलवर संदेश जातो, आणि आजींच्या खात्याला मोबाईल जोडलेला होता मुलाचा.

"आजी, मी नाही सांगणार. पण मोबाईल सांगेल."

"तेच तं म्हन्तो. त्याच्या खिशात टुंग वाजते, अन् मंग घरी विचारपूस होते. तो नंबर काढून टाक ना."

"दुसरा कोणता देता?"

"माह्याजवळ कुठी हाय फोन?"

मागे रांग वाढत होती. एक इंजिनिअर साहेब घड्याळ पाहत होते. यंत्राच्या दृष्टीनं या संभाषणाला काहीच अर्थ नव्हता. यंत्र म्हणालं असतं, असा पर्याय नाही, आणि मोकळं झालं असतं. रांगेतले लोकही म्हणाले असते, पोराला कळलं तर बिघडलं काय? आणि मुलगा वाईट असेलच असं नाही. कदाचित आईनं पैसे कुठे ठेवले, कोणी फसवलं तर नाही, या काळजीनंच विचारत असेल. ते मला माहीत नव्हतं, आणि ते माझं कामही नव्हतं. खातं आजींचं होतं. सही आजींची होती. म्हणून मी नंबर बदलायचा फॉर्म काढला, त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, "आजी, नंबर काढला तर कोणी तुमचे पैसे काढले तरी तुम्हाला कळणार नाही. पासबुक भरून घ्यायला दर महिन्याला यावं लागेल."

"येतो ना. पेन्शन घ्याले तं येतोच."

फॉर्मवर "जुना क्रमांक" या रकान्यात मी त्यांनी सांगितलेला क्रमांक लिहिला. "नवीन क्रमांक" या रकान्यापुढे पेन थांबलं. आजी म्हणाल्या, "तिथी रेघ मार." मी आडवी रेघ ओढली. त्यांनी खाली सही केली. आत साहेबांनी विचारलं, नवीन नंबर का नाही? मी म्हटलं, ग्राहकाचा लेखी हुकूम आहे. साहेब शहाणे, त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि मंजुरी दिली. यंत्रानं मात्र त्या रकान्यात रेघ घ्यायला साफ नकार दिला. त्याला एक तर आकडे हवेत, नाही तर रिकामी जागा. शेवटी रिकामी जागा ठेवली. कागदावरची रेघ कागदावरच राहिली आणि फायलीला लागली. मग मी तीन हजार मोजून दिले. कुठेही टुंग वाजलं नाही.

पैसे कशाला हवे होते? मी विचारलं नाही. आजींनी आपण होऊन सांगितलंही नाही. नोटा पदराच्या गाठीत बांधल्या, पासबुक पिशवीत टाकलं आणि जाता जाता म्हणाल्या, "पोरगं चांगलं हाय बरं माह्यं." हे त्यांनी न विचारता सांगितलं, आणि मला वाटतं, त्या दिवशीच्या सगळ्या बोलण्यात त्यांना सांगायचं होतं ते एवढंच.

रात्री भाच्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे मामा, तुम्ही हातानं क्यू चालवला."

मी म्हटलं, "बाबा रे, तुझ्या यंत्रात पर्याय आधी ठरतात आणि माणूस नंतर येतो. आमच्या खिडकीवर माणूस आधी येतो."

त्याला ते फारसं पटलं नसावं. वय लहान आहे. पण यंत्रांच्या शिस्तीलाही मी नावं ठेवत नाही. आडदांडपणे हुकूम मानणारं यंत्र जास्त धोक्याचं. पैसे पाठवण्याचंच बघा. एनईएफटीनं पैसे पाठवताना वर्षानुवर्षं यंत्र फक्त खाते क्रमांक बघत आलं. नाव काहीही लिहा, आकडे ज्याचे त्याला पैसे. एक आकडा हुकला की कष्टाची रक्कम भलत्याच्या खात्यात, आणि ती परत मिळवताना तोंडाला फेस. आता १ एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी समोरच्या खात्यावरचं नाव दाखवण्याची सोय बँकांनी द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं ठरवून दिलं. म्हणजे यंत्रालाही शेवटी विचारावं लागलं, "अमुकच ना?" खिडकीवरचा कारकून हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारत होता आणि लोक त्याला हळू काम करणारा म्हणत होते.

तेव्हा मंडळी, बँकेत याल तेव्हा एवढं सांभाळा. आयएफएस कोडाचं पाचवं अक्षर शून्य असतं, तिथे इंग्रजी "ओ" काढू नका. चेकवर तारीख नीट घाला, २०१२ पासून तो तीनच महिने चालतो. रोख द्यायची नसेल तर दोन तिरक्या रेघा ओढा. आणि जे सांगायचं आहे पण ज्याला रकाना नाही, ते खिडकीशी तोंड आणून हळूच सांगा. आतला माणूस पेंगुळलेला दिसला तरी ऐकत असतो. रांगेतल्यांनी तेवढी दोन मिनिटं घड्याळ पाहू नये.

माझी विनंती एवढीच. फक्त.